डीबी सर

नव्यानं ॲडमिशन घेतलेल्या मुलांना डीबी ही आद्याक्षरं वाटतात. दत्तात्रय बाळकृष्ण, दिगंबर भालचंद्र असलं काहीतरी. सेकंड इयरला पोचेपर्यंत उलगडा होतो की डीबी म्हणजे डेसिबल, आणि सरांना जगातली कुठलीही गोष्ट त्याच मापात कळते. वर्गात निम्मी मुलं आली की "आज तीन डीबी डाऊन." कॅन्टीनचा चहा पातळ झाला की "सिग्नल आहे, पण नॉइज फ्लोअरच्या खाली." दर जुलैला तीन टक्क्यांचं इन्क्रिमेंट लागतं तेव्हा स्टाफरूममध्ये बाकीचे गृहकर्जाचे हप्ते जुळवत असतात. सर लॉगरिदम काढून सांगतात, "शून्य पूर्णांक तेरा डीबी. एवढं तर मोजमापाच्या चुकीत जातं."

वायरलेसचा प्रोफेसर आपल्याकडच्या बहुतेक इंजिनिअरिंग कॉलेजांत निदान एक नग तरी सापडतोच. ठिकाण ठरलेलं. ई अँड टीसीचा सगळ्यात वरचा मजला, गच्चीच्या जिन्यालगतची केबिन. खालच्या मजल्यांवर एसीत कॉम्प्युटरवाले बसतात. ह्यांना अँटेना गच्चीवर न्यावी लागते म्हणून ह्यांची रवानगी वर. दारामागे वेटोळं केलेली कोॲक्सियल केबल, कपाटावर हॉर्न अँटेना, टेबलावर रॅपापोर्टच्या जाडजूड पुस्तकाची स्पायरल बाइंडिंग केलेली झेरॉक्स. भिंतीवर फक्त एक फोटो. त्याच्याकडे नंतर येऊ.

सर मूळचे इलेक्ट्रिकलचे. त्यामुळे नातेवाइकांत त्यांचा लौकिक मिक्सर आणि गिझर दुरुस्त न करता येणारा इंजिनिअर असा आहे. वायरलेसकडे वळल्यावर घोटाळा वाढला. लग्नाच्या बैठकीत मध्यस्थानं "मुलगा वायरलेसमध्ये आहे" म्हटल्याबरोबर मुलीचे वडील सावरून बसले. वायरलेस म्हणजे पोलिसात, हे त्या काळी कुणालाही ठाऊक होतं. इकडचं तिकडचं झाल्यावर त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "पगाराव्यतिरिक्त... वरचं काही असतं का?" सर प्रामाणिकपणे म्हणाले, "आमचं सगळं वरचंच. पार आयनोस्फिअरपर्यंत." लग्न जागच्या जागी ठरलं. काकू अजून सांगतात की बाबांचा गैरसमज दूर व्हायला दोन दिवाळसण जावे लागले.

सरांचा जीवनक्रम समजून घ्यायला पत्रिका मांडायची गरज नाही, मोबाइलच्या पिढ्या पुरतात. ३१ जुलै १९९५ ला ज्योती बसूंनी कोलकात्याहून सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल केला, तेव्हा आमचे सर अभ्यासक्रमाप्रमाणे क्रॉसबार एक्स्चेंज शिकवत होते. जीएसएम अभ्यासक्रमात येईस्तोवर बाहेर थ्रीजीची भाषा सुरू झाली होती. २००३ साली त्यांनी पीएचडीला नाव नोंदवलं. विषय अर्थातच तिसरी पिढी. गाइड सहा महिन्यांतून एकदा भेटायचे, रिसर्च कमिटी त्याहून कमी वेळा. २०१० मध्ये थ्रीजीचा लिलाव झाला तेव्हा प्रबंधाचा तिसरा चॅप्टर चालू होता. २०१२ च्या एप्रिलमध्ये कोलकात्यात फोरजी आलं आणि त्याच सुमारास सरांचा व्हायवा लागला. एक्स्टर्नलनं चष्मा वर करून विचारलं, "आता ह्या कामाचा उपयोग काय होईल?" सर म्हणाले, "सर, उपयोग होऊन गेला." डिग्री मिळाली. बाहेर पडताना गाइडनी खांद्यावर हात ठेवून खरी दीक्षा दिली. "ह्यापुढं शीर्षकात आकडा घालू नकोस. 'नेक्स्ट जनरेशन' घाल. ते कधी शिळं होत नाही."

सरांनी ते ब्रह्मवाक्य मानलं. तेव्हापासून त्यांचा दिनक्रम असा आहे की वर्गात मागची पिढी शिकवायची, रिसर्च प्रपोजलमध्ये पुढची लिहायची आणि खिशात टूजीचा बटणांचा फोन बाळगायचा. चालू पिढीशी त्यांचा संबंध फक्त उद्‌घाटनाच्या दिवशी येतो. १ ऑक्टोबर २०२२ ला फाइव्हजी आलं तेव्हा एका चॅनेलची मुलगी माइक घेऊन गच्चीपर्यंत चढून आली. "सर, फाइव्हजीमुळे सामान्य माणसाचं आयुष्य कसं बदलणार?" सरांनी क्षणभर विचार केला. "फोरजीनं जसं बदलणार होतं तसंच." ती क्लिप दाखवली गेली नाही.

ह्या शर्यतीत त्यांच्या वाट्याला आलेलं सगळ्यात मोठं बक्षीस म्हणजे वायमॅक्सचं किट. घरोघरी तारेविना ब्रॉडबँड पोचवणार म्हणून वायमॅक्सची एके काळी फार हवा होती. प्रपोजल गेलं, मंजूर झालं, निधी आला. मग तीन कोटेशनं, कंपॅरेटिव्ह स्टेटमेंट, परचेस कमिटी, एका सदस्याचं बाळंतपण, पुन्हा कोटेशनं. किट कॉलेजच्या गेटात उतरलं तेव्हा जगानं एलटीई पत्करलं होतं आणि वायमॅक्सचा बारावा-तेरावा उरकला होता. क्लार्कनं ते डेडस्टॉक रजिस्टरला चढवलं. हा नुसता कचेरीतला शब्द. टिकाऊ वस्तू कॉलेजात आली की पहिल्या दिवशीच डेडस्टॉकला जाते. पण इतका रास्त वापर त्या शब्दाचा क्वचित झाला असेल. दर मार्चला पडताळणीवाले येऊन किट जागेवर असल्याची खूण करून जातात. थर्मोकोल मात्र तीन प्रोजेक्ट एक्झिबिशन्सना पुरला.

एवढं ऐकून कुणाला सर म्हणजे नुसता टाइमपास वाटेल, तर त्यानं त्यांचं फेडिंगचं लेक्चर ऐकायला हवं. सबमिशन, ओरल, केटी ह्या सगळ्याचा पोरांना विसर पाडणारं मी पाहिलेलं ते एकच लेक्चर. सर फळ्यावर काही लिहीत नाहीत. पहिल्या बाकावरच्या मुलाचा फोन मागून घेतात आणि विचारतात, टॉवरकडून ह्याला पोचतं किती? एका वॅटचे दहा लाख कोटी भाग करा, त्यातला एक. "एवढ्यावर तुमची आई गावाहून 'जेवलास का' विचारते आणि तुम्ही 'ऐकू येत नाही' म्हणून फोन ठेवता."

मग फोन पुढं-मागं सरकवत लाटांची गोष्ट सुरू होते. नऊशे मेगाहर्ट्झची लाट साधारण ३३ सेंटिमीटरची. टॉवरपासून निघालेली लाट एका वाटेनं येत नाही. भिंतीवर आपटून, बसवर आपटून, समोरच्या टाकीवरून परतून ती वेगवेगळ्या वाटांनी आणि किंचित मागंपुढं येते. कुठं ह्या लाटा एकमेकींना उचलून धरतात, कुठं पार मारून टाकतात. रेंजच्या एका खड्ड्यापासून पुढच्या खड्ड्यापर्यंत अंतर अर्ध्या लाटेचं, म्हणजे वीतभरसुद्धा नाही. "तेव्हा रेंज गेली तर गॅलरीत धावू नका, गच्चीवर चढू नका. वीतभर सरका." पोरांनी हा नियम विद्यापीठाच्या परीक्षेत बाकावर वापरून पाहिला. त्याचा गुणांवर अनुकूल परिणाम झाल्याचं ऐकिवात आहे.

लेक्चरचा शेवट पुण्यात होतो. ह्या परतलेल्या लाटा कितीतरी वर्षं सगळ्या वायरलेसवाल्यांची डोकेदुखी होत्या. स्टॅनफर्डमधल्या दोघांनी १९९२ मध्ये एक पेटंट मागितलं, १९९४ मध्ये ते मिळालं. दोन्ही टोकांना एकाहून जास्त अँटेना लावल्या, तर ह्याच वेगवेगळ्या वाटांवरून एकाच वेळी, एकाच फ्रिक्वेन्सीवर वेगवेगळी माहिती पाठवता येते, असं त्यांचं म्हणणं. डोकेदुखीवर त्यांनी कमाई काढली. आज घरातल्या राउटरला ज्या दोन-चार काड्या असतात त्या ह्याच युक्तीच्या, म्हणजे मायमोच्या. दोघांपैकी आरोग्यस्वामी पॉलराज हे आपल्या नौदलातले, पाणबुड्यांचा माग काढणारं सोनार बांधून मग तिकडे गेलेले. दुसरे थॉमस कैलाथ. इथं सर थांबतात, रुमालानं चष्मा पुसतात. कैलाथ १९३५ साली पुण्यात जन्मले आणि १९५६ साली पुण्याच्याच इंजिनिअरिंग कॉलेजातून टेलिकॉमची पदवी घेऊन बाहेर पडले. पुण्यानं जगाला काय दिलं ह्यावर कट्ट्यावर वाद रंगला की कुणी बाकरवडी म्हणतं, कुणी सवाई गंधर्व महोत्सव. सर बाजूनं जाता जाता "मायमो" एवढंच म्हणतात आणि निघून जातात. सरांचं स्वतःचं घर हडपसरला असूनही पुण्याचा अभिमान एवढा कडवा, ह्याचं सदाशिव पेठेतल्या सहकाऱ्यांना आश्चर्य वाटतं.

आता तो भिंतीवरचा फोटो. तो क्लॉड शॅननचा. ३० एप्रिल हा त्यांचा जन्मदिवस, आणि सर तो जयंती म्हणून साजरा करतात. पेढे, हार, सगळं रीतसर. पहिल्या वर्षी प्यून मामांनी हार आणला आणि पावती कुठं लावायची म्हणून ऑफिसात गेले. तिथं थोर व्यक्तींच्या जयंत्यांचं परिपत्रक काढून क्लार्कनं बोट फिरवलं. शॅनन नावाचं कुणी यादीत नव्हतं. शेवटी हार लॅबच्या कन्झ्युमेबल्समध्ये, सोल्डरिंग वायरच्या खाली बसवला गेला. मामांना मात्र प्रश्न पडला, ह्या साहेबांनी केलं काय? सरांनी पेढा हातात ठेवून सांगितलं की १९४८ साली ह्या माणसानं सिद्ध केलं, प्रत्येक वाटेची एक क्षमता असते. तिच्या आत राहून माहिती पाठवली तर चुका हव्या तितक्या कमी करता येतात. तिच्या वर गेलात, तर कितीही डोकं लढवा, चुका टळत नाहीत. मामांनी पेढा संपवला. "म्हणजे प्रिन्सिपॉल, एचओडी आणि तुम्ही एकदम कामं सांगता तेव्हा माझ्याकडून एकही धड होत नाही, तेच ना?" सरांनी मामांचा हात हातात घेतला. "सिद्धांताचा हा उलटा भाग, कन्व्हर्स, इतक्या थोडक्यात कुणी सिद्ध केला नव्हता." पुढं ॲक्रेडिटेशनची कमिटी आली, तिनं कोर्स आउटकमच्या फायली चाळून सहज मामांनाही काही विचारलं आणि मामांनी शॅनन सांगितला. कमिटीतल्या एका सदस्यानं तो वहीत उतरवून घेतल्याचं मी पाहिलं.

कॉलेजबाहेर सरांचं ज्ञान लोकांना एकदाच लागलं, आणि तेव्हा मी हजर होतो. शिकलो त्यांच्याकडे वायरलेस, नोकरी मिळाली सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये, फ्लॅट घेतला त्यांच्याच सोसायटीत. आमच्या बॅचच्या बहुतेकांची कथा फ्लॅटचा अपवाद सोडता अशीच आहे. तर सोसायटीच्या गच्चीवर मोबाइल टॉवर बसवायचा प्रस्ताव आला. भाडं चांगलं होतं. खजिनदार लिफ्टच्या खर्चाचा हिशेब घेऊन उभे होते, तर दुसऱ्या मजल्यावरच्या आजी व्हॉट्सॲपवर आलेला चिमण्यांचा मेसेज मोठ्यानं वाचून दाखवत होत्या. वातावरण तापलं. चेअरमन म्हणाले, "आपल्यातच तज्ज्ञ आहेत. सर, पाच मिनिटं बोला."

सरांनी सुरुवात मॅक्सवेलपासून केली. पंधराव्या मिनिटाला ते हर्ट्झपर्यंत आले. चेअरमननी घड्याळ दाखवल्यावर हर्ट्झला अर्ध्यावर सोडून ते मुद्द्यावर उतरले. ही क्ष-किरणांसारखी, अणूंतले इलेक्ट्रॉन उखडणारी किरणं नव्हेत. आपल्या सरकारनं सप्टेंबर २०१२ पासून टॉवरची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली आहे, "म्हणजे दहा डीबी खाली." आणि भीती बाळगायचीच तर कानाला लागलेल्या फोनची बाळगा, कारण टॉवर लांब असला की फोन तिथवर पोचायला जास्त पॉवर लावतो. जीएसएमचा फोन त्यासाठी दोन वॅटपर्यंत जोर काढायचा. टॉवर जवळ असला तर त्याला कुजबुजून भागतं.

कुणाच्याही चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. आजींनी विचारलं, "पण आमच्या डोक्यावर असणार ना तो?"

"डोक्यावर असणार म्हणून तर चांगलं," सर म्हणाले. "अँटेनाचा मुख्य झोत सरळ समोर जातो, अगदी किंचित खाली झुकलेला. बरोबर खाली सगळ्यात कमी. दिव्याखाली अंधार असतो तसं."

सभेत शांतता पसरली. मग मागच्या रांगेतून, जिथं पार्किंगवरून समोरच्या सोसायटीशी कोर्टात गेलेले सभासद बसले होते, तिथून प्रश्न आला. "म्हणजे समोरच्या बिल्डिंगला जास्त मिळणार?"

"तुलनेनं जास्त. अर्थात तेही मर्यादेच्या..."

पुढचं कुणी ऐकलं नाही. ठराव एकमतानं मंजूर झाला; आजींनी अनुमोदन दिलं. सर मात्र रात्री उशिरापर्यंत खाली बाकावर हताश बसून होते. मर्यादेच्या कितीतरी खाली, हे वाक्य पूर्ण करायचं राहिलं म्हणून. महिन्याभरात समोरच्या सोसायटीनंही टॉवर घेतला. त्यांचा तज्ज्ञ कोण होता कळलं नाही, पण आता दोन्हीकडे फुल रेंज आहे.

घरात मात्र सरांचं चालत नाही. राउटर हॉलच्या मधोमध, उंचावर हवा, हे त्यांनी रीडिंग घेऊन सिद्ध केलं होतं. काकूंनी धूळ बसते म्हणून तो स्वयंपाकघरात स्टीलच्या मांडणीत, परातीमागे ठेवला. सरांनी पुन्हा रीडिंग घेतलं आणि किती डीबी बुडाले ते कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवलं. काकू म्हणाल्या, "माझी मालिका दिसतेय." तो कागद अजून आहे. त्याच्यावर आता दुधाचा हिशेब असतो.

रिटायरमेंट जवळ आल्यावर सर आपोआप खऱ्या कामाकडे वळले, आणि ते काम म्हणजे झाड. मोबाइलची लाट गावात किती विरते ह्याचा अंदाज बांधायला जग अजून ओकुमुराचं नाव घेतं. टोकियो परिसरात गाडी फिरवून घेतलेली मापं त्यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केली, हाता नावाच्या संशोधकानं १९८० मध्ये त्यांची सूत्रं केली, आणि मग आपल्याकडे गावागावांतून त्या सूत्रांना दुरुस्त्या सुचवणारे प्रबंध निघाले. सरांचाही त्यातलाच. पण टोकियोच्या सूत्रात आपली झाडं कुठं आहेत, ही खंत त्यांच्या मनात राहिली होती. कॉलेजच्या आवारात एक भलामोठा रेन ट्री आहे. त्याची पानं दिवस मावळला की मिटतात, आभाळ भरून आलं तरी मिटतात. मिटलेल्या झाडातून लाट जास्त जाते का, हे सरांना पाहायचं होतं. परवाना लागत नाही म्हणून ५.८ गिगाहर्ट्झ घेतलं. ट्रान्समीटर लॅबच्या गच्चीवर, रिसीव्हर झाडापलीकडच्या मुलींच्या हॉस्टेलच्या गच्चीवर, असा पहिला बेत होता. रोज संध्याकाळी सहाला एक प्रोफेसर आपल्या दिशेनं हॉर्न रोखून उभा राहणार हे कळल्यावर रेक्टर मॅडमनी तो हाणून पाडला. मग लायब्ररीची गच्ची मिळाली.

सर वर्षभर तिथं दिसले. सकाळी, दुपारी, दिवेलागणीला. पावसात एका हातात छत्री ती अँटेनावर, स्वतः भिजत. कारण ओलं पान जास्त लाट पितं आणि तेच रीडिंग महत्त्वाचं. रात्री वसतिगृहात आयपीएल सुरू झालं की वायफायच्या गोंगाटानं काटा नाचायला लागायचा, मग सामना संपेस्तोवर थांबायचं. सुपर ओव्हर झाली की सर क्रिकेटला शिव्या घालायचे. पान झोपतं तसा काटा थोडा वर सरकतो, हे त्यांना पहिल्यांदा दिसलं त्या दिवशी त्यांनी मामांना शिडीवरून वर बोलावून दाखवलं. मामांनी काटा पाहिला, झाड पाहिलं, "झोपलं," म्हणाले आणि सरांबरोबर रजिस्टरवर साक्षीदार म्हणून सही केली. डेटा दहा महिन्यांचा झाला आणि पावसाळ्यापूर्वीची कामं म्हणून वायरमन करवती घेऊन आले. सर धावत खाली पोचेपर्यंत दोन मोठ्या फांद्या आडव्या झाल्या होत्या.

दोन दिवस ते कॉलेजला आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते थेट गच्चीवर गेले, आणि छाटणीपूर्वी किती, छाटणीनंतर किती, असा एक वेगळा तक्ताच पेपरला जोडला. ज्या प्रयोगासाठी कुठल्याही खात्यानं परवानगी दिली नसती तो खात्यानंच करून दिला होता. रिव्ह्यूअरला नेमका तोच तक्ता आवडला. मात्र एका झाडावरून एवढा निष्कर्ष काढता येणार नाही, आणखी एखाद्या जातीवर मापं घ्यावीत, असंही त्यानं कळवलं.

परवा रात्री सरांचा फोन आला. आवाज खरखरत होता. मी वीतभर सरकलो.

"अरे, राजापूरच्या घरामागं फणस आहे म्हणाला होतास ना? उंची किती?"

"असेल तीस-पस्तीस फूट."

"पलीकडे गच्ची?"

"गच्ची कुठली सर, कौलारू घर आहे. माडी आहे."

"चालेल. मे महिन्यात येतो. पण घरच्यांना सांगून ठेव, माझं पहिलं रीडिंग होईपर्यंत एकही फणस उतरवायचा नाही. मग सगळे उतरवायचे आणि दुसरं रीडिंग. फळासकट आणि फळाशिवाय."

"सर, पिकले की खाली पडतात ते. थांबत नाहीत."

"मग तारीख आधीची धरू. काय रे, एकेक फणस साधारण किती किलोचा भरतो?"

"दहा, बारा. मोठा असला तर पंधरा."

पलीकडे कागदावर पेन्सिल फिरल्याचा आवाज आला.

"आणि त्यात पाणी किती टक्के असेल? आईला विचारून सांग."